सॅमसनकाकांचा तिसरा गंज

मंडळी, आज आमच्या आईकडे एक कोरा गंज आलाय, म्हणजे पातेलं.

शेजारचे सॅमसनकाका चिखल्याच्या खाणीतून रिटायर झालेले, धर्माने ज्यू. त्यांना एकदा जैसलमेरचं वाळवंट बघायचं होतं. आमच्याच गाडीने काका, आई आणि मी असे तिघं जाणार होतो. काका बाहेरचं खात नसत. म्हणून त्यांनी स्टोव्ह घेतला आणि दोन नवे गंज, एक दुधाचा, एक कोंबडीचा. त्यांच्यात दूध आणि मांस एका भांड्यात चालत नाही.

सामान आमच्याकडे होतं. नव्या भांड्यात आधी दूध तापवायची आमची रीत, तर आईने दोन्हींत तापवून ठेवलं!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र हसले. "राहू द्या वहिनी, आता दोन्ही दुधाचेच. मी दुसरा आणतो ना."

पण आम्ही निघायच्या आधीच, मागच्या महिन्यात काका अचानक वारले.

आज त्यांची मुलगी घर आवरत होती. तिने एक कोरा गंज आणून आईच्या हातात दिला. आत काकांच्या अक्षरात चिठ्ठी होती: "वहिनी, याच्यात दूध नका टाकजा."

आईने तो पुसून वेगळ्या फळीवर ठेवला. मग मला विचारलं, "आता हा कोणासाठी वेगळा ठेवू रे?"