ऊन दुधाची डिग्री

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, वर्गातल्या मुलींना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगते आहे? — मलाही नीट ठाऊक नाही. पण आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी गर्विष्ठ बाई आहे. बारामतीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, माझ्या गावातली पहिली बी.एस्सी. मुलगी मी, आणि हे मी कुणाला ना कुणाला ऐकवल्याशिवाय राहत नाही. माझ्या वर्गातल्या मुली प्रयोगाच्या वेळी मागे उभ्या राहून बघत बसत नाहीत. उपकरण आधी त्यांच्या हातात जातं. त्याचाही गर्व आहे. पण हा गर्व मुळात कुठून आला, ते सांगायचं तर दुधापासून सुरुवात करावी लागेल.

आमचं गाव वडगाव निंबाळकरच्या पुढे, सोमेश्वरनगरच्या वाटेवर. सगळीकडे ऊस आणि दावणीला म्हशी. कॉलेजची डिग्री गावात यायच्या कितीतरी आधी दुधाची डिग्री आली होती. डेअरीत दुधात काचेची नळी सोडायची — लॅक्टोमीटर — ती जितकी वर तरंगेल तितकी डिग्री जास्त. अठ्ठावीसच्या खाली गेली की दुधात पाणी आहे असं समजायचं आणि दूध परत. गावात एकमेकांची चौकशीसुद्धा तशीच चालायची, ‘काय, आज डिग्री लागली का?’

ती नळी माझ्या वडिलांच्या हातात असायची. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं, मीही तात्याच म्हणायची. शिक्षण चौथीपर्यंत, पण नळीवरचा आकडा वाचताना असे वाकायचे की श्वाससुद्धा रोखून धरायचे. सख्ख्या भावाचं दूध त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. चुलता महिनाभर आमच्या घरी आला नाही, पण तात्या बधले नाहीत. अशा माणसाची मुलगी असल्याचा मला किती अभिमान होता म्हणून सांगू? मी शाळेत ताठ मानेनं चालायची ती त्यामुळे.

आणि शेवंतामावशी. शाळेत माझ्या वर्गात असलेल्या मंगलची आई. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, वर्षातले कितीतरी महिने वाटेवर. मग मेंढरं विकून ते गावात स्थिर झाले, दोन म्हशी घेतल्या, आणि घर बांधलं ते नेमकं डेअरीच्या मागे. बाकीचे लोक वाड्या-वस्त्यांवरून सायकलला कॅन अडकवून यायचे. शेवंतामावशी धार काढायच्या आणि चरवी घेऊन पाच मिनिटांत हजर. आणि चार दिवसांतून एकदा तरी त्यांचं दूध परत. रांगेतल्या बाया कुजबुजायच्या, कुणी तोंडावरच ‘पाणीवाली’ म्हणायचं. मावशी चरवी डोक्यावर घेऊन परत जायच्या, एक शब्द न बोलता.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट, आम्ही नववीत होतो. एक दिवस मंगल मला म्हणाली, “सुमे, तात्या लग्नाला इंदापूरला गेलतं, एस्टीनं उशिरा आलं, त्या दिशी आमचं दूध तासभर तसंच पडून हुतं. आन् त्या दिशी तीस डिग्री लागली. म्हशीनं काय तेवढ्याच दिशी बरं दूध दिलं व्हय?”

मी हसले होते. ती हसली नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत तोवर आम्ही मुली बाकाच्या मागून बघायचो. नळ्या, दिवे, सगळं मुलांच्या हातात. मंगलनं सरांकडे जाऊन सरळ लॅक्टोमीटर आणि थर्मामीटर मागितला. सरांनीही दिला, हे त्यांचं मोठेपण. तिनं घरून नुकतंच काढलेलं दूध आणलं, आणि दर पाच मिनिटांनी ती आकडा सांगायची, मी लिहायची. दूध अंगाएवढं ऊन होतं तेव्हा सव्वीस. मग सत्तावीस. पार गार झालं तेव्हा एकोणतीसच्या वर. आलेखाच्या कागदावर तापमान उतरत होतं आणि डिग्री चढत होती. मी वही मिटली. मंगल म्हणाली, थांब, आता उलटं करून बघू. तेच दूध गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलं — आणि डिग्री पुन्हा खाली आली. उलटं करून बघायचं हे तिला कुणी शिकवलं होतं? मला तर सुचलंच नसतं. आज मी शिकवते त्या सगळ्या फिजिक्समध्ये मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो त्या पातेल्याचा. “ऊन दूध खोटं बोलतंय,” एवढंच मंगल म्हणाली आणि नळी धुऊन ठेवायला गेली.

म्हणजे दूध चांगलंच होतं, फक्त घर जवळ होतं. ज्याला लोक मावशींची लबाडी म्हणत होते तो त्यांचा चपळपणा होता.

सरांनी आमचा प्रयोग बारामतीच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवला. तात्या इस्त्रीचा सदरा घालून, गावातल्या दोघांना मुद्दाम बरोबर घेऊन आले होते. परीक्षकांनी विचारलं, हे कुणाला सुचलं, कशावरून सुचलं? मंगलनं तोंड उघडलं — “आमच्या गावच्या डेअरीत” एवढे शब्द बाहेर पडले असतील — आणि मी मध्येच बोलले. म्हणाले, पुस्तकातला प्रयोग आहे, सर. तात्या दोन हातांच्या अंतरावर उभे होते ना; आलेखातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण डेअरीचं नाव कळलं असतं. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. तात्यांनी पेढे वाटले. मंगल परतीच्या एस्टीत खिडकीशी बसली आणि गाव येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढंच असतं तर मी इतकी वर्षं गप्प कशाला राहिले असते? मी आडवळणानं जाते आहे, हे मलाही कळतंय.

चार-पाच दिवसांनी सकाळी मी तात्यांचा चहा घेऊन डेअरीत गेले. शेवंतामावशींच्या दुधाला पुन्हा सत्तावीस. त्या दिवशी पहिल्यांदाच मावशी बोलल्या. चरवी खाली ठेवून म्हणाल्या, “तात्या, मंगल म्हणती, ऊन दुधाला डिग्री कमी लागती म्हणं. जरा गार हुईपतूर थांबून बघा की.”

रांग हसली. तात्या हसले नाहीत. त्यांनी नळी वर काढली, पुसली, आणि माझ्याकडे वळले. “सुमे, तू शिकल्याली हाईस. तू सांग. आसं आसतंय का?”

त्यांनी खरंच विचारलं होतं. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी त्याच क्षणी दूध बाजूला ठेवून तासाभरानं पुन्हा नळी लावली असती — मी ओळखत होते त्यांना. हात जोडून माफीही मागितली असती, सगळ्या रांगेसमोर. आणि तेच मला नको होतं. आकडा वाचताना श्वास रोखणारा माझा बाप इतकी वर्षं चुकत होता, हे माझ्या तोंडून, त्या लोकांसमोर?

मी म्हणाले, “न्हाय तात्या. दूध ते दूध.”

मावशींनी चरवी उचलली. माझ्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत मंगलनं आलेखाचा कागद माझ्या वहीत ठेवला. म्हणाली, “तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. तुला लागंल.” त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, आणि चांगलंच बोलायची, तेच जड जायचं.

मंगल गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिनं आईला धार काढल्यावर चरवी पाण्याच्या हौदात तासभर ठेवायला लावली, आणि मावशी रांगेत सगळ्यात शेवटी जायला लागल्या. रोज एकोणतीस, रोज तीस. एकदाही दूध परत आलं नाही. आणि एका दुपारी जेवताना तात्या समाधानानं म्हणाले, “बघ सुमे, शेवंतानं पाणी घालायचं सोडलं. सारखं परत केलं, म्हणून सुधारली बाई.”

त्या लेकीनं आपल्या आईचा खरेपणा सिद्ध केला होता, आणि माझ्या एका वाक्यामुळे तोच तिच्या लबाडीचा पुरावा झाला. मी भाकरी मोडत राहिले. भाजी अळणी आहे असं काहीतरी म्हणाले.

नव्व्याण्णव साली तात्या डेअरीतून निवृत्त झाले. गावानं सत्कार केला. माझा बी.एस्सी.चा निकाल नुकताच लागला होता, मी पहिल्या रांगेत. तात्या हारासकट उभे राहिले, म्हणाले, “जल्मभर दुधाला डिग्री लावली, औंदा पोरीला डिग्री लागली.” लोक खूप हसले. अभिमानानं माझे डोळे भरून आले, ते खोटं नव्हतं. मग ते म्हणाले, गावात एक बाई पाणी घालायची, मी नेटानं तिला सरळ केलं, आज तिच्यासारखं दूध गावात नाही. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. शेवंतामावशी मागे बायकांत बसल्या होत्या, शेजारी मंगल. ती तोवर दुग्धशास्त्राचा कोर्स करून इंदापूरकडच्या एका शीतकरण केंद्रात तपासणीला लागली होती. तिथे कॅन उघडला की ती नळीच्या आधी थर्मामीटर बुडवते, असं मी ऐकून होते. टाळ्या सुरू झाल्या. मीही वाजवल्या.

तो आलेख अजून माझ्याकडे आहे. माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला आहे, आणि मुली विचारतात, मॅडम, हा तुम्ही काढलेला? खालचे आकडे माझ्या अक्षरात आहेत, म्हणून मी होकारार्थी मान हलवते. यंदाही हलवली.

तात्या आता नाहीत, शेवंतामावशीही नाहीत. मावशींच्या दुधात पाणी नव्हतं. एकाही दिवशी नव्हतं. तात्यांनी मला विचारलं होतं, आणि मला माहीत होतं.