गार्डाच्या बायकोचा हिस्सा

“आन् फायदा झाला असता त?” असं विचारताना जाळं विणायची सुई त्याच्या हातात थांबायची. उत्तर मिळेपर्यंत तो पुढची गाठ मारत नसे. उत्तर सहसा मिळत नसे, त्यामुळे त्याचं एकही जाळं वेळेवर पुरं झालेलं मी पाहिलं नाही.

मी सानगडीच्या शाळेत मास्तर होतो, तो तलावात मासे धरणारा ढिवर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळे ढिवर मिळून जाळी टाकत आणि काठावर पळसाच्या पानांवर मासोळ्यांचे सारखे हिस्से मांडत. ज्या घरात पाण्यात उतरणारा माणूस उरला नाही, त्या घराचाही एक हिस्सा असे. एकदा मी वर्गाला तिथे नेलं आणि हौसेने समजावलं, “आज आपण दिलं, तर उद्या आपल्यावर वेळ आली की आपल्यालाही मिळतं.”

तो चिखलातूनच ओरडला, “गुर्जी, पोरायले उलटं काहून शिकवून राहिले? वेळ नाई आली, तरी द्याच लागते!”

वर्ग खदखदून हसला. मी चष्मा पुसत बसलो.

ऐंशीनंतरची ती वर्षं. पूर्वेच्या जंगलात बंदूकवाले आले होते. त्याचा एकुलता एक पोरगा, माझाच विद्यार्थी, त्यांच्यात गेला. गावाला ठाऊक होतं, पण कोणी बोलत नव्हतं. वर्षभरात त्या लोकांनी आमच्याकडच्या जंगल गार्डाला मारलं. गार्ड काही देवमाणूस नव्हता, बायांच्या डोक्यावरच्या मोळ्या हिसकायचा. तरी त्याचं प्रेत पाहून आलेली माणसं दोन दिवस जेवली नाहीत.

शाळेत शोकसभा झाली. सरपंच म्हणाले, अशानं आपला रस्ता होणार नाही. कोणी म्हणालं, आता पोलीस गावाला पिळून काढतील. मी म्हणालो, हिंसेने शेवटी गरिबाचंच नुकसान होतं. माना डोलल्या. मग मागून तो उठला.

“तुमी सारे नुकसान सांगून राहिले. आन् फायदा झाला असता त? त मग मारनं बरं होतं का? माणूस मारू नये, एवढंच आहे. माह्या पोरानं मारला असन, तरी तेवढंच.”

सभा तिथेच संपली.

आणि गंमत बघा, फायदा झालाच. त्या हंगामात ठेकेदाराने घाबरून तेंदूपानाचा भाव वाढवला. लोक हळूच म्हणू लागले, बंदुकीनं काम होते. माझं भाषण खोटं पडलं. त्याचं पडलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्याने गार्डाच्या बायकोसाठी हिस्सा मागितला. बाकीचे म्हणाले, ती ढिवर नाही, गावचीही नाही. “त माहा हिस्सा तिचा,” म्हणून तो सायकलने साकोलीजवळ तिच्या माहेरी गेला. कोणाचा बाप आलाय हे कळल्यावर तिने दार उघडलं नाही. मासोळ्या दारात ठेवून तो परत आला. पुढच्या वर्षी तिने दार उघडलं, भांडं पुढे केलं.

दोन वर्षांनी त्याचा पोरगा चकमकीत मेला. मी भेटायला गेलो तेव्हा तो अंगणात जाळं घेऊन बसला होता. म्हणालो, “भाऊ, झालं ते झालं. आता दारात पोलीस तरी यायचे नाहीत. गावही मोकळं झालं.”

सुई थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“म्हंजे फायदा झाला म्हना, गुर्जी.”

त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. मान खाली घातली आणि पुढची गाठ मारली.

मी त्याची माफी मागितली नाही. उद्या मागू म्हणत राहिलो. पुढच्या हिवाळ्यात तो तापाने गेला.

उन्हाळ्यात पळसाच्या पानांवर त्याच्या बायकोचाही हिस्सा मांडला होता. तिने त्यातला अर्धा फडक्यात बांधला आणि मला म्हणाली, “गुर्जी, तुमच्याजवळ सायकल आहे. तेवढं पोचवून द्या.”

गावाबाहेर कोणीतरी हटकलं, मास्तर, कोणाच्या मासोळ्या?

“गार्डाच्या बायकोचा हिस्सा आहे,” मी म्हणालो. “द्याच लागते.”