मास्तरांच्या टेपेत न बसलेलं अंतर

चौतीस वर्षं कपडे शिवणाऱ्या मास्तरांचा माणसांवर फारसा विश्वास नव्हता, टेपेवर होता. गिऱ्हाईक तोंडाने छत्तीस म्हणालं तरी ते कंबर मोजून अडतीस लिहीत आणि वर एक शब्द बोलत नसत.

लेक पाच वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर परदेशी गेली होती. नात दोन वर्षांची झाली, तिचे फ्रॉक मास्तर फोनवर माप विचारून शिवत. आता लेकीने मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला, दोघांनाही बोलावलं होतं. व्हिसा हातात होता, आणि शेजारच्या तिकीटवाल्याने बावीस तारखेच्या दोन जागा संध्याकाळपर्यंत धरून ठेवल्या होत्या. अडून बसले होते ते मास्तर.

कारण भिंतीवरचा नकाशा. विमान कसं जातं ते तिकीटवाल्याने त्यावर बोट फिरवून दाखवलं होतं: वर पार बर्फापर्यंत कमान करून मग खाली. दहा हजार दोनशे किलोमीटर, तेरा तास. तो गेल्यावर मास्तरांनी दोन शहरांमध्ये टेप ताणून नकाशाच्या प्रमाणाने हिशेब केला. सरळ वाट भरली अकरा हजार नऊशे!

"सरळ गेलं तर जास्त आणि वळसा घातला तर कमी? एक तर वळसा खोटा, नाहीतर आकडा. मापात मारणाऱ्याच्या यंत्रात मी तेरा तास बसणार नाही."

"घाबरता म्हणून सांगा की सरळ," काजं करता करता बायको म्हणाली.

"मी? घाबरतो?" मास्तरांनी मशीन खडखडवलं.

पाच वाजता तिकीटवाला आला. पँटचं मापही द्यायचं होतं. त्याचं पोट त्याच्या आधी दुकानात शिरलं. मास्तरांनी एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत टेप आडवी धरली आणि ताणली. ती सुळकन वर सरकली.

"हलू नकोस रे."

"मी कुठे हलतोय? पोट माझं, टेप तुमची!"

"अहो, वर का सरकते ती?" बायकोने विचारलं.

"गोल आहे ना! मधून सरळ नेली तर जास्त भरते. ओढली की आपणच जवळची वाट धरते, वरून. इतकी वर्षं दुकानात बसतेस आणि एवढं..."

मास्तर तिथेच थांबले.

"आणि पृथ्वी?" बायकोची सुई हवेतच राहिली. "ती काय तुमच्या कटिंगच्या टेबलासारखी सपाट आहे?"

तिकीटवाल्याने मान वाकवून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "वहिनी, तुमची लेक नेमकी कुठल्या कुशीला राहते?"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी टेप पुन्हा ताणली. ती पुन्हा वर गेली. मग कंबरेभोवती पूर्ण फिरवून, वहीत चव्वेचाळीस लिहून त्यांनी टेप गळ्यात टाकली. नकाशाकडे बघणं टाळलं.

"पँट तेवीसला म्हणाला होतात ना?" तिकीटवाल्याने जपून विचारलं.

"एकवीसलाच घेऊन जा," मास्तर म्हणाले. "तेवीसला दुकान बंद आहे."