अकरा वर्षांचं यीस्ट आणि माझा पाऊण तास

माझ्या वहीत एक पान आहे, ते मी कोणाला वाचू देत नाही. पण चहा गरम आहे, तुम्ही घरचे आहात, आणि बायको सांगायच्या आत मीच सांगितलेलं बरं!

जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आमच्या खालच्या मजल्यावर हेर लिंडनर, म्हणजे लिंडनरसाहेब, राहतात. सत्तरीचे, विधुर, घरी बिअर करणारे. दोन वर्षं जिन्यात नुसतं ‘हालो’ केल्यावर त्यांनी मला शनिवारी बिअर करायला बोलावलं. मंगळवारी एक बरणी हातात दिली. तळाशी करडा गाळ.

“हे यीस्ट. अकरा वर्षं जपलंय. माल्टच्या गोड पाण्यात वाढवा. कोमट ठेवा. आल्झो, तर मग, नीट सांभाळा.”

अहो, अकरा वर्षं! मी ती बरणी तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत धरून वर आणली.

आता, नोव्हेंबरात आमचं स्वयंपाकघर अठरा अंशांवर. अशा थंडीत परदेशातला मराठी माणूस इडलीचं पीठ कुठे ठेवतो? ओव्हनमध्ये! ओव्हन बंद, आतला दिवा चालू. तेवढ्या उबेवर पीठ सकाळी टम्म. मग यीस्ट काय वेगळं? माधुरीचं, म्हणजे बायकोचं, पीठ बाहेर काढलं, बरणी आत ठेवली. वहीत लिहिलं: सकाळी सात, अठ्ठावीस अंश, बारीक फेस. दुपारी एक, फेस दोन बोटं. लेकीच्या वाढीची नोंदसुद्धा मी इतकी ठेवली नव्हती, हे माधुरीने ऐकवलंच.

शुक्रवारी विचार केला, बिअरच्या बाटल्या निर्जंतुक करू. गरम हवेत तापवायच्या. आधी ओव्हन तापू दे म्हणून एकशे ऐंशीवर लावला, वेळ वहीत टिपली आणि बाथरूममध्ये बाटल्या घासायला बसलो. पाऊण तास.

ओव्हनला काच होती. आत दिवा होता. पण बघायला माणूस स्वयंपाकघरात नको का?

माधुरी बाहेरून आली. “अहो, पाव भाजताय? काय छान वास सुटलाय!”

मी धावलो. यीस्ट उतू जाऊन ट्रेवर पसरलं होतं. खरपूस, तपकिरी, कडेला कुरकुरीत.

आणि तेवढ्यात बेल. दारात हेर लिंडनर!

“उद्यासाठी यीस्ट कसं आहे, बघू म्हटलं.” ते थेट स्वयंपाकघरात आले.

खरं सांगायचं की नाही? सांगायचंच! पण अकरा वर्षं… माझा हात आपोआप ओट्यावरच्या इडलीच्या ताज्या पिठाकडे गेला. पातेलं त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी चष्मा लावला. “पांढरं आहे.”

“हो. स्वच्छ राहिलंय.”

“घट्टही आहे.”

“चांगलं वाढलंय ना!”

त्यांनी वास घेतला. मान डोलावली. मी मनात म्हटलं, सुटलो.

इतक्यात माधुरी हात पुसत आली आणि आपल्या सुरेख जर्मनमध्ये म्हणाली, “हेर लिंडनर, उद्या नाश्त्याला या ना! ह्याच पिठाच्या इडल्या करणार आहे.”

हेर लिंडनर पिठाकडे बघतात, मग माझ्याकडे. मी ओव्हनकडे.

शेवटी गुपचूप ओव्हनचं दार उघडलं आणि ट्रे बाहेर काढला. “माफ करा. तुमची अकरा वर्षं मी घालवली.”

त्यांनी वाकून पाहिलं. नखाने कडेचा एक तुकडा मोडला. चक्क तोंडात टाकला!

“गेली नाहीत कुठे,” ते शांतपणे म्हणाले. “मी नेहमी अर्धंच देतो. अर्धं माझ्या फ्रिजमध्ये असतं.”

“म्हणजे असं आधीही झालंय?”

“हो, हो. जावयाने उन्हात ठेवून मारलं. भावाने उकळतं पाणी ओतून मारलं. शेजारच्या बाईंनी विसरून मारलं.” त्यांनी दुसरा तुकडा मोडला. “पण खुसखुशीत करून समोर ठेवणारे तुम्ही पहिलेच.”