कोळसा कधी बदलणार?

“आगीपुढं काय टिकत नाय,” असं काकी म्हणत, तेव्हा ऐकणाऱ्याला उपनिषदातलं वाक्य कानी पडल्यासारखं वाटे. प्रत्यक्षात त्या पाण्याबद्दल बोलत असत. हंड्यातलं बोअरचं पाणी खळाखळा उकळून बोटभर खाली उतरेपर्यंत त्यांच्या घरात कुणाला तहान लागायची परवानगी नव्हती.

खालापूरकडच्या आमच्या आळीत त्या माझ्या शेजारी. आळीतल्या सगळ्या सुनांना पाणी उकळायला त्यांनीच लावलं. “झाकण काढ गं, बघू,” म्हणत त्या कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरत. तुमच्या शेजारीही असं एखादं बिनपगारी खातं असेलच. काकींच्या घरात तान्ही नात होती, डब्यातल्या दुधाच्या भुकटीवर वाढणारी. तिचं पाणी तर त्या आणखी आटवत.

एकदा माझी भाची आली. ती पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. काकींनी तिच्यापुढे गूळ आणि तांब्या ठेवला. भाचीने गूळ घेतला, पाणी घेतलं नाही. आमच्याकडे हा अपमान भरलं ताट लोटण्याच्या तोडीचा.

“का गं, आमच्या पाण्यात काय पडलंय?”

भाचीने काय पडलंय ते सांगितलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला भांड्यांना अन्न चिकटू नये म्हणून लेप चढवायचा कारखाना आहे. तिथलं रसायन आमच्या बोअरमध्ये उतरलं होतं. नमुना तिनेच तपासला होता. ते कुजत नाही, विरत नाही, उकळून जात नाही. वाफ होऊन जातं ते पाणी. रसायन हंड्यातच राहतं.

काकींनी हंड्यावरचं झाकण काढलं. मग म्हणाल्या, “म्हंजे मी बासुंदी करत व्हते. पोरीला इखाची बासुंदी.”

त्या रडतील असं मला वाटलं. त्यांनी पदर खोचला आणि ज्या ज्या घरात उकळायला शिकवलं होतं, त्या त्या घरात पुन्हा शिरल्या. “जंतूंसाठी उकळा. पण ह्ये त्यानं जात नाय. माझं चुकलं व्हतं.” आमच्या तालुक्यात हे शेवटचं वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. नातीसाठी पाणी येऊ लागलं ते कारखान्याच्याही वर, ठाकूरवाडीच्या झऱ्यावरून, भाचीने तपासून हो म्हटल्यावर.

मग काकी ग्रामसभेत उभ्या राहिल्या, आणि उठल्यासुटल्या उभ्या राहू लागल्या. अखेर शुद्ध पाण्याचं यंत्र आलं. मांडव, फीत, नारळ, आणि यंत्रापेक्षा मोठा फलक. टाळ्या थांबल्यावर काकींनी यंत्रवाल्याला गाठलं. ते रसायन कोळसा धरून ठेवतो, पण भरला की पुढे सोडून देतो, हे भाचीने त्यांना सांगून ठेवलं होतं.

“यात कोळसा हाय ना रं, गाळायचा?”

“आहे ना काकी. एकदम मिनरल पाणी.”

“पाण्याची जात नाय इचारली. कोळसा कधी बदलणार?”

“बदलायची गरजच नाही. लाइफटाइम आहे.”

“कुणाचं लाइफ? तुझ्या यंत्राचं का माझ्या नातीचं?”

सरपंच म्हणाले, “काकी, आज शुभ दिवस हाय.”

“मग आजच सांगा.”

सरपंच नारळाचा प्रसाद वाटायला वळले. दुसऱ्या दिवसापासून काकी यंत्राशेजारी पाट टाकून बसल्या. हंडा घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला सांगत, “तपासणीचा कागद दाखवत नाय तवर पियाला न्यायचं नाय. धुण्याला न्या.” मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते लोकार्पण झालेल्या त्या पाण्यात आमच्या आळीने गोधड्या धुतल्या. एवढ्या शुद्ध गोधड्या जिल्ह्यात नसतील. शेवटी पाण्याची तपासणी झाली, त्या रसायनासकट. कोळसा बदलला. पुढे वेळच्या वेळी बदलत गेला, कारण पाट तिथेच होता.

काकी गेल्या त्या सकाळी मी तिथे होतो. बोलणं जवळपास थांबलं होतं. मुलाने काशीहून आणून ठेवलेला गंगाजलाचा गडू काढला. काकींनी डोळे उघडले.

“ह्ये कुणी तपासलं?”

“आई, गंगेचं हाय गं.”

“वर कारखाना नाय?”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी काशीला कधी गेलेलो नाही. सून उठली, यंत्रावरच्या पाण्याची वाटी भरून घेऊन आली, आणि तुळशीच्या पानावरून दोन थेंब तिनेच त्यांच्या ओठांत सोडले. काकींनी ते गिळले.

गडू देव्हाऱ्यात आहे. त्याचं सील अजून फोडलेलं नाही.