धुळाजीचा पाचवा माणूस

सांगायला लाज वाटती, पण सांगतोच. निजामाचं राज्य होतं. धारूरकडल्या आमच्या गावात पाण्याला एकच बारव. पायऱ्या उतरून पाण्यात पाय घातल्याबिगर घागर भरायची न्हाई, अन् त्याच पाण्यानं नारू व्हायचा. पायातून दोऱ्यासारखा किडा निघायचा. आमचा धुळाजी तो काडीवर गुंडाळायचा, रोज बोटभर. वढला की तुटला, अन् तुटला की पाय सडला. गावभर फिरायचा बिचारा, कुणाच्या घरचं पाणीबी न पिता.

बारवेच्या पायऱ्या बुजवून वर रहाट बसवायचा, म्हणून तो तालुक्याच्या लोकल बोर्डाला उभा राहिला. तेबी मोहनराव देशमुखाच्या समोर! बारव देशमुखाच्या आज्यानं बांधलेली. पायऱ्या बुजवायच्या म्हंजे त्याचं नाकच कापायचं की. तहसीलदाराचा हुकूम होता, चावडीवर ज्याच्या बाजूनं पाच असामी उठून उभ्या राहतील त्याचंच नाव वर जाईल.

आदल्या दिवशी देशमुख मला हसून म्हणाला, "सिदू, उद्या उभं राहायचं तर रहा बाबा. पण मंग बसायला दुसरं गाव बघ."

रान त्याचंच, मी बटईनं, अर्ध्या वाट्यावर केलेलं. घरात चार वर्षांची लेक भिवरा. कुठं जावं?

माझ्या पायातबी महिनाभर नारू होता; त्याच सांजंला तो शेपटासकट सगळा बाहेर निघाला. अजून आतच हाय असं दिसावं म्हणून मी काडी तशीच पट्टीत बांधली. बायकोलाबी सांगितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी मला बाजेवर घालून चावडीवर नेलं. "धुळाजीवाले उठा," तहसीलदार म्हणाले. चौघं उठले. पाचवा कुणी उठंना. देशमुख एकेकाचं तोंड बघत होता. तेवढ्यात धुळाजीनं माझ्याकडं बघितलं. मेलो, म्हटलं, आता हा नाव घेतो.

"सिद्या, उठू नको बे!" तो ओरडला. "तुटंल तो!"

मी पडून राहिलो. तहसीलदारानं दप्तर बांधलं.

दुसऱ्या सकाळी धुळाजी रोजच्यासारखा ऊन पाणी घेऊन आला. पट्टी सोडली. काडीवरचा वाळलेला नारू लई येळ बघत बसला.

"धुळाजी, शिव्या दे मला," मी म्हटलं.

"पाय वाचला न्हवं? बास झालं," म्हणाला, अन् शेजारच्या घरी गेला.

पायऱ्या तशाच राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात भिवराच्या घोट्याला नारूचा फोड आला. धुळाजीला बोलवायला मीच गेलतो.