ओट्यावर पालथी केलेली पिशवी

भिवपुरीजवळच्या एका फार्महाऊसवर आमच्या ऑफिसची सहल गेली होती. जेवणाआधी खुनाचा खेळ ठेवला होता. खोट्या शेठचा खोटा खून झालेला आणि आम्ही खुनी शोधायचा. आकड्यांत लिहिलेली चिठ्ठी मी सोडवली, तर शब्द निघाला: स्वयंपाकघर.

तिथे गावातल्या एक मावशी भाकऱ्या थापत होत्या. त्यांचा खेळाशी काहीच संबंध नव्हता, पण मला चेव चढला होता. मी दरडावून विचारलं, “शेठ मेले तेव्हा तुम्ही कुठे होतात?” माझ्यामागे सगळे हसले.

मावशी हसल्या नाहीत. तव्यावरची भाकरी उतरवून त्यांनी गॅस बंद केला, हात धुतले, पदराला पुसले. मग खिळ्यावरची पिशवी काढून ओट्यावर पालथी केली. डबा, कंगवा, गोळ्यांचं पाकीट पडलं. आतलं अस्तरही त्यांनी बाहेर ओढून दाखवलं.

“सकालपासून हितंच हाय, ताई. वॉचमनला इचारा.”

“मावशी, खेळ आहे हो,” मी म्हणाले. कुठे बघावं मला कळेना.

त्या एकेक वस्तू पिशवीत परत ठेवू लागल्या. “मला वाटलं, पावन्यांचं परत काय हरवलं. खेलात पन पयलं हितंच येता काय तुमी?”

पुढची चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली होती. ती मावशींनीच मला काढून दिली. आमचा गट पहिला आला.

संध्याकाळी गेटवर मावशी पिशवी उघडून वॉचमनपुढे उभ्या होत्या. त्याने त्यांना बाजूला केलं आणि आमच्या बसला सलाम ठोकला.